फाटक्या पुस्तकाचं मनोगत आणि आठ पानांची गोष्ट

पाचवीत असताना मी फाटक्या पुस्तकाचं मनोगत लिहिलं होतं. दहापैकी आठ गुण मिळाले. निबंधाचा साचा तुम्हालाही पाठ असेल. कुणीतरी कण्हल्याचा आवाज येतो, वळून पाहावं तर कोपऱ्यात एक फाटकं पुस्तक. मग ते दुकानातल्या काचेच्या कपाटातले सुखाचे दिवस सांगतं, मग एका बेशिस्त मुलाच्या हाती लागल्याची कहाणी, आणि शेवटी 'पुस्तकांची काळजी घ्या' असं सांगून गप्प होतं. तेव्हा आमच्या घरात शाळेची पुस्तकं सोडली तर एक पंचांग आणि एक हरिपाठ होता. काचेच्या कपाटातलं पुस्तक मी कधी पाहिलेलंच नव्हतं.

पुढे सहावीत नदीचं मनोगत झालं, सातवीत वडाच्या झाडाचं, आठवीत निवृत्त सैनिकाचं. नववीत शेतकऱ्याचं आत्मवृत्त आलं. ते मी गाईडवरून उतरवून काढलं. त्या संध्याकाळी माझे वडील ओसरीत बसून फवारणीचा पंप दुरुस्त करत होते. मी आत बसून 'होय, मी एक गरीब शेतकरी बोलतोय' असं लिहीत होतो. बाहेर जाऊन त्यांना एक प्रश्नही न विचारता मी शेतकऱ्याचं आत्मवृत्त संपवलं. त्यालाही चांगले गुण मिळाले.

मराठी शाळेत दहा वर्षं आपण आत्मवृत्तं लिहितो. छत्रीचं लिहितो, घड्याळाचं लिहितो, बंद पडलेल्या गिरणीचं लिहितो. स्वतःचं मात्र लिहीत नाही. 'माझी आई' नावाचा निबंध असतो, पण त्यातली आई पहाटे उठते, देवपूजा करते, सर्वांची काळजी घेते आणि कधीही कुणावर चिडत नाही. चाळीस वह्यांमध्ये चाळीस मुलांची एकच आई असते.

ही तक्रार नवी नाही. अलीकडे मात्र तिच्यावर एक उपाय सगळीकडे दिसू लागला आहे आणि त्याकडे समीक्षेच्या नजरेनं पाहायला हवं असं मला वाटतं. तो म्हणजे घडीचं पुस्तक: एक कागद घ्यायचा, घड्या घालायच्या, एक कात्री मारायची, आठ पानांचं छोटं पुस्तक करायचं आणि त्यात मुलानं स्वतःची गोष्ट सांगायची. सुट्टीतली शिबिरं, वाचनालयं, शाळा, हौशी ताई-दादा सगळे हे करून घेतात. रील्स तर शेकड्यांनी आहेत. बहुतेक ठिकाणी ही गोष्ट 'हस्तकला' म्हणून खपते. ती साहित्याच्या तासाला न्यायला हवी, हे माझं म्हणणं. आणि नेल्यावर आपण तिचं काय वाटोळं करू शकतो, याची भीतीही आहे.

एक कागद, एक कात्री

आधी वस्तू नीट समजून घेऊ, कारण तिच्या रचनेतच बरंच काही आहे.

ए-फोर कागद आडवा ठेवा. लांब कडेवर लांब कड आणून घडी घाला आणि उलगडा. मग आखूड कडेवर आखूड कड आणून घडी घाला, उलगडा, आणि दोन्ही आखूड कडा या मधल्या घडीपर्यंत आणून आणखी दोन घड्या घाला. उलगडल्यावर कागदावर आठ चौकोन दिसतील. आता कागद पुन्हा मधोमध, आखूड कडेवर आखूड कड ठेवून दुमडा. दुमडलेल्या बाजूनं, मधल्या रेषेवरून, पुढच्या घडीपर्यंतच कात्री चालवा. कागद उघडला की मध्ये एक चीर दिसेल. मग तो लांबीत दुमडून दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकला. चीर फुगते, वरून अधिकाच्या चिन्हासारखं दिसतं, आणि पानं एका बाजूला वळवली की पुस्तक तयार. डिंक नाही, स्टेपलर नाही.

यातून चार गोष्टी घडतात. पहिली, पानं आठच. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ सोडलं तर सहा. गोष्ट कितीही मोठी असो, तेवढ्यात बसवायची. दुसरी, सगळी पानं कागदाच्या एकाच बाजूला येतात, त्यामुळे पुस्तक उलगडून झेरॉक्सच्या काचेवर ठेवलं की एका प्रतीत अख्खं पुस्तक छापलं जातं. नऊ वर्षांचं मूल दहा रुपयांच्या आत स्वतःची आवृत्ती काढू शकतं. तिसरी, उलगडलेल्या कागदावर चार पानं सुलट आणि चार उलटी दिसतात, म्हणून लिहिणाऱ्याला कोणतं पान कोणत्या पानानंतर येणार याचा विचार करावाच लागतो. चौथी गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: कागदाची मागची बाजू पूर्ण कोरी राहते आणि पुस्तक मिटलं की ती आत दडते. तिच्याकडे शेवटी येतो.

रात्रीची लाईट

माझी बहीण कन्हेरीला दिलेली आहे. बारामती तालुक्यातलं हे गाव तुम्ही पाहिलं नसेल, पण निवडणुकीच्या बातम्यांमध्ये नाव ऐकलं असेल. पवार कुटुंबाच्या प्रचाराचा नारळ वर्षानुवर्षं इथल्या मारुतीच्या देवळात फुटतो. कुटुंबात राजकीय फूट पडल्यावर २०२४ मध्ये दोन्ही बाजूंच्या सभाही याच गावात झाल्या. फोनवर 'कन्हेरी' शोधलं तर एक तर मुंबईजवळची लेणी येतात, नाहीतर सभा. हार, ताफे, माइक. गावाबद्दल जे काही जगाला माहीत आहे ते बाहेरून आलेल्या कॅमेऱ्यांनी सांगितलेलं आहे, आणि कॅमेरे पाच वर्षांतून एक-दोनदा येतात.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिथे होतो. भाची चौथीत आहे. पाऊस उघडलेला, करायला काही नव्हतं, म्हणून मी तिला घडीचं पुस्तक करून दाखवलं आणि म्हटलं, यात तुझी एक गोष्ट लिही. तिनं आधी सिंह आणि उंदीर लिहायला घेतलं. मी म्हटलं, ही तर सगळ्यांनाच माहीत आहे. तुलाच माहीत असलेली सांग. ती बराच वेळ पेन्सिल चावत बसली. मग दोन दिवसांनी तिनं मला एक पुस्तक आणून दिलं. मुखपृष्ठावर नाव होतं 'रात्रीची लाईट'.

शेतीपंपाची वीज पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री, हे शहरातल्या वाचकाला सांगावं लागेल. रात्रपाळी असली की घरातला कुणीतरी मध्यरात्री उठून उसाला पाणी द्यायला जातो.

भाचीच्या पहिल्या पानावर मोबाईल आहे आणि त्यावर बाराचा आकडा. दुसऱ्या पानावर पप्पा गमबूट घालतात आणि बॅटरी शोधतात. बॅटरी सापडत नाही, ती दप्तरात असते, कारण तिनंच खेळायला घेतलेली असते. तिसऱ्या पानावर पप्पा दारं धरायला जातात आणि कुत्रा त्यांच्या मागं जातो. चौथ्या पानावर आई झोपली आहे असं लिहिलंय, पण चित्रातल्या आईचे डोळे उघडे आहेत. पाचव्या पानावर फक्त अंधार आहे, सगळं पान पेन्सिलीनं गिरवून काळं केलेलं, आणि कोपऱ्यात लिहिलंय की मोटारीचा आवाज अजून येत नाही. सहाव्यावर आवाज येतो. मलपृष्ठावर दारात चिखलानं भरलेले गमबूट.

आता मी समीक्षक म्हणून बोलतो, मामा म्हणून नाही.

या पुस्तकात 'भीती' हा शब्द एकदाही येत नाही. पाचवं पान संपूर्ण काळं आहे आणि ते ओलांडल्याशिवाय आवाज येणार नाही, एवढंच. पान ओलांडण्याचा तो क्षण लिहिणारीनं ओळखलेला आहे. सलग वहीच्या पानावर हाच मजकूर 'बराच वेळ मोटारीचा आवाज येत नाही. मग येतो' असा दोन वाक्यांत संपला असता. घडीच्या पुस्तकात वाट पाहायला एक पान मिळतं.

चौथ्या पानावर मजकूर एक सांगतो आणि चित्र दुसरं. आई झोपली आहे असं आईनं तिला सांगितलेलं असणार. डोळे उघडे आहेत हे तिनं पाहिलेलं आहे. मोठ्यांचं म्हणणं आणि मुलाला दिसलेलं यातलं अंतर दाखवायला गद्यातल्या लेखकाला किती कसरत करावी लागते! इथे ते चित्रानं आपोआप झालं.

आणि बॅटरी दप्तरात सापडणं. 'शेतकऱ्याचे आत्मवृत्त'मध्ये ही बॅटरी कधीच आली नसती, कारण त्या निबंधातला शेतकरी कुणाचा तरी बाप नसतो.

माझी चूकही सांगायला हवी. पुस्तक वाचून झाल्यावर मी तिला म्हटलं, शेवटी एक ओळ टाक ना, शेतकरी किती कष्ट करतो, तो जगाचा पोशिंदा आहे वगैरे. तोंडातून सहज गेलं. दहा वर्षांचं शिक्षण असं उफाळून येतं. तिनं पुस्तक मागून पुढं उलटून पाहिलं आणि म्हणाली, "मामा, पान संपलं की."

पान खरंच संपलं होतं. तात्पर्याला जागाच नव्हती.

शाळेनं मुलांना काय लिहायला दिलं

मुलांनी स्वतःबद्दल लिहावं ही कल्पना बाहेरून आलेली नाही. मराठीतलं तिचं सर्वांत धारदार उदाहरण १८५५चं आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या साधारण चौदा वर्षांच्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्याकडे आपण दलित स्त्रीलेखनाचा आरंभ म्हणून पाहतो, ते बरोबरच आहे. पण तो शाळेतल्या मुलीनं लिहिलेला निबंधही आहे, हे विसरायला नको. त्यात ती 'आम्ही' म्हणून बोलते. बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या बायकांचा त्रास ती लिहिते, आणि तो तिनं पाहिलेला आहे. अवघी काही वर्षं शाळेत गेलेली मुलगी हे लिहू शकली, कारण तिला लिहायला शिकवणाऱ्यांनी तिच्यासमोर फाटकं पुस्तक ठेवलं नव्हतं.

मग मधल्या काळात काय झालं? आपल्याकडची दलित आणि भटक्या-विमुक्तांची आत्मकथनं पाहा. दया पवारांचं 'बलुतं' १९७८चं, लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८०चं. माने फलटण तालुक्यातले, म्हणजे बारामतीच्या अगदी शेजारचे. या पुस्तकांचा मोठा भाग बालपणाचा आहे, शाळेचाही आहे. पण ते बालपण कागदावर यायला लिहिणाऱ्यांना मोठं व्हावं लागलं. शाळेत असताना त्यांच्या वह्यांमध्ये काय लिहिलेलं असेल? बहुधा नदीचं मनोगतच. मराठी साहित्याला ज्या अनुभवांनी हादरवलं ते अनुभव वर्गात शिक्षकांच्या समोर, तिसऱ्या-चौथ्या बाकावर बसलेले होते. त्यांना कुणी विचारलं नाही.

शाळांमध्ये एक परंपरा मात्र होती, ती म्हणजे हस्तलिखित. जाड कागद, सुवाच्य अक्षराची मुलगी निवडायची, मुखपृष्ठावर सरस्वती किंवा मोर, आत सुविचार, कोडी, थोरांची चरित्रं. स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन आणि मग मुख्याध्यापकांच्या कपाटात. मी हस्तलिखिताला कमी लेखत नाही. अनेकांनी पहिली ओळ तिथेच लिहिली. पण ते वर्गाचं असतं, निवडलेल्यांचं असतं आणि त्याची एकच प्रत असते. ज्याचं अक्षर वाईट त्याचं काहीच त्यात येत नाही.

घडीचं पुस्तक हस्तलिखितापेक्षा लघुअनियतकालिकांच्या जवळचं आहे. १९५४ मध्ये अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' सायक्लोस्टाइल करून काढलं, साठच्या दशकात अशोक शहाणे, राजा ढाले यांच्यासारख्यांनी स्वस्तातल्या स्वस्त साधनांनी स्वतःची पत्रं काढली. त्यामागचं म्हणणं साधं होतं: छापायला कुणाची परवानगी लागू नये. दहा रुपयांत पाच प्रती काढून मैत्रिणींना वाटणारी चौथीतली मुलगी नकळत हेच करत असते.

बाहेरच्या जगातही शिक्षकांनी हे ओळखलं होतं. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने या खेड्यातल्या शिक्षकानं १९२०च्या दशकात वर्गातच छापखाना आणला. मुलं स्वतःच्या फिरण्यातलं, घरातलं लिहीत, तेच खिळे जुळवून छापत आणि तेच त्यांचं वाचनाचं पुस्तक होई. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर माओरी मुलांना शिकवत होत्या. प्रत्येक मुलाला रोज त्याच्या मनातला एक शब्द विचारायचा आणि त्या शब्दापासून वाचन सुरू करायचं, ही त्यांची रीत. त्यांच्या 'टीचर' या १९६३च्या पुस्तकात दिसतं की मुलांच्या मनात कमळ-बदक नसतं. भूत असतं, मुका असतो, मार असतो.

आपल्याकडे कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेली सृजन आनंद विद्यालय ही शाळा मुलांच्या अनुभवाला अभ्यासक्रमाच्या मध्यभागी ठेवत आली. फलटणमध्ये मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन उभं केलं. मॅक्सीनमावशींचं याआधीचं काम इथे महत्त्वाचं आहे: त्यांचा १९७३चा प्रबंध फलटणच्या बोलीवर आहे. एकाच गावात जातीनुसार, शिक्षणानुसार लोक मराठी कशी वेगवेगळी बोलतात, याचा तो अभ्यास. ज्या व्यक्तीनं गावाचं बोलणं असं कान देऊन ऐकलं, तिनंच पुढे त्या गावात शाळा काढली, हा योगायोग नाही. मुलाची गोष्ट ऐकायची तर आधी त्याची भाषा ऐकावी लागते.

भाचीच्या पुस्तकात 'दारं धरायला' आहे. 'शेताला पाणी देण्यासाठी' असं तिनं लिहिलं असतं तर वाक्य शुद्ध झालं असतं आणि दारं वाहून गेली असती. ज्यानं फावड्यानं सरीचं तोंड फोडून पाणी वळवलंय, दुसऱ्या सरीचं बुजवलंय, त्यालाच हा शब्द लागतो. लाल पेनाला तो नको असतो.

बिघडतं कुठे

आता उपायाकडे टीकेनं पाहू. घडीचं पुस्तक हातात आल्यानं निबंधाचा साचा आपोआप मोडत नाही. मी मुलांनी केलेली अशी बरीच पुस्तकं पाहिली, शिबिरांच्या प्रदर्शनांत आणि फोनवर. त्यातली पुष्कळ वाईट आहेत, आणि त्यात मुलांचा दोष नाही.

पहिला बिघाड सजावटीचा. चमकी, टिकल्या, रंगीत कडा, मुखपृष्ठावर फुलपाखरू. आत चार ओळी. शाळेत ही पुस्तकं कार्यानुभवाच्या तासाला होतात आणि मराठीच्या तासाला त्यांचा उल्लेखही होत नाही. त्यामुळे मुलांना कळतं की गुण घडीला आहेत, गोष्टीला नाहीत.

दुसरा साच्याचा. 'माझं नाव, माझं घर, माझा आवडता रंग, माझं स्वप्न' असे मथळे आधीच छापलेली आठ पानं मुलांना दिली जातात. तो अर्ज झाला. अर्ज भरताना कुणी गोष्ट सांगत नाही.

तिसरा विशेषणांचा. हा मी स्वतःवर करून पाहिला. हा लेख लिहिण्याआधी मी माझ्या आजोबांवर घडीचं पुस्तक करायला बसलो. पहिल्या पानावर लिहिलं, माझे आजोबा खूप प्रेमळ आणि कष्टाळू होते. संपलं. सात पानं कोरी, आणि माझ्याकडे सांगायला काही नाही. प्रेमळपणाचं पुढचं पान काय असणार? मग आठवलं की ते सायकलच्या कॅरिअरला बांधायची दोरी रात्री उशाखाली ठेवायचे, कारण ती एकदा चोरीला गेली होती. दोरी सुचल्यावर पानं पुरेनात. शिकवणाऱ्यानं फक्त एवढंच करायचं असतं: 'आजोबा कसे होते' असं विचारायचं नाही, 'आजोबांच्या उशाखाली काय असायचं' असं विचारायचं.

याच कारणासाठी मुलांना आधी चांगली पुस्तकं वाचायला मिळायला हवीत. माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर' किंवा 'बाबांच्या मिशा'मध्ये राजा नाही, परी नाही. घरातली माणसं आणि त्यांचं रोजचं वागणं आहे. २०१६ मध्ये त्यांना बिग लिटिल बुक पुरस्कार मिळाला तेव्हा मोठ्यांनी त्यांची दखल घेतली. पण मुलांना त्यांच्या पुस्तकांतून कळतं ते वेगळंच: आपल्या घरातली गोष्टसुद्धा पुस्तकात येऊ शकते.

चौथा बिघाड सर्वांत गंभीर आहे. 'स्वतःची गोष्ट सांगा' असं म्हणताना आपण मुलांकडून नेमकं काय मागतो? काही शिबिरांत मला असं दिसलं की दुःखाची गोष्ट आली की मोठ्यांचे डोळे चमकतात. ज्या मुलानं बापाच्या दारूबद्दल लिहिलं त्याचं पुस्तक भिंतीवर मध्यभागी लागतं, त्याचा फोटो निघतो, तो फोटो देणगीदारांना जातो. ज्या मुलीनं कोंबडीच्या पिल्लांवर लिहिलं तिचं कोपऱ्यात. दुसऱ्या दिवशी मुलं शहाणी होतात. तीन जणांच्या पुस्तकात बाप दारू पिऊ लागतो. निबंधाच्या गाईडमधला 'गरीब शेतकरी' नव्या वेषात परत येतो. फरक एवढाच, की आता तो मुलाच्या स्वतःच्या अक्षरात असतो, म्हणून खरा वाटतो.

ज्यांना वर्ष पुरं मिळत नाही

हा धोका मला सर्वांत जास्त जाणवतो तो ऊसतोडीच्या मुलांबाबत. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती असे साखर कारखाने आहेत. दिवाळीच्या सुमाराला बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात. नवरा-बायकोच्या जोडीला इथे 'कोयता' म्हणतात. माणसं मोजायचं एकक हत्याराच्या नावाचं. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत, गाळप संपेपर्यंत, उघड्या रानात कोप्या घालून राहायचं. मुलं बरोबर येतात. काही साखरशाळेत, काही जवळच्या शाळेत बसतात, काही लहान भावंडं सांभाळतात. मार्च-एप्रिलमध्ये टोळी परत जाते. इथल्या शाळेच्या पटावर ती मुलं पाहुणी आणि गावाकडच्या शाळेत गैरहजर.

हस्तलिखितात त्यांचं नाव येत नाही, कारण स्नेहसंमेलनाच्या तालमीला ती असतात आणि पुढच्या जूनला नसतात. वर्गाच्या भिंतीवर त्यांनी लावलेलं काही मागेच राहतं. एक कागदाचं पुस्तक मात्र खिशात बसतं. कोपी मोडली, टायरगाडीवर बिऱ्हाड चढलं, तरी ते बरोबर जाऊ शकतं. दोन शाळांच्या मध्ये पडलेल्या मुलाकडे स्वतःचं म्हणून एवढं तरी राहील.

पण त्यांना विचारताना आपण कोयता, भूक, थंडी यांचीच वाट पाहत असू तर न विचारलेलं बरं. त्या मुलाला कदाचित बैलाच्या शिंगांना लावलेल्या रंगाबद्दल लिहायचं असेल. वाढ्याच्या भाऱ्यावर झोपल्यावर आभाळ कसं दिसतं याबद्दल. गावाकडे राहिलेल्या आजीच्या शेळीबद्दल. ती गोष्ट कमी खरी नाही. दुःखी गोष्ट सांगण्याचा हक्क जेवढा मोठा, तेवढाच न सांगण्याचाही. मुक्ता साळवेनं जे लिहिलं ते तिनं ठरवून लिहिलं, म्हणून त्यात ताकद आहे. तेच कुणी तिच्याकडून काढून घेतलं असतं तर ती साक्ष झाली असती, लेखन नाही.

इथेच मला कागदाची मागची बाजू महत्त्वाची वाटते. घडीच्या पुस्तकात जे वाचकाला दाखवायचं ते बाहेर येतं. जे दाखवायचं नाही ते लिहून आत दुमडता येतं. वहीत ही सोय नाही, वही तपासायला जाते. आपण फोनवर 'स्टोरी' टाकतो तिथेही नाही. तिथे जे आहे ते सगळं पुढच्या बाजूला आहे, किती जणांनी पाहिलं हेही दिसतं, आणि चोवीस तासांनी ते गायब होतं. शिकवणाऱ्यानं फक्त एक नियम सांगायचा आणि पाळायचा: आतली बाजू तुमची, ती कुणी उलगडणार नाही. मीही नाही. हा नियम न पाळणाऱ्यानं मुलांना स्वतःची गोष्ट लिहायला सांगू नये.

मग अशा पुस्तकाचं मूल्यमापन करायचं कशानं? शुद्धलेखनानं नाही, सजावटीनं नाही, आणि किती रडू आलं यानंही नाही. मी तीन प्रश्न विचारेन. या पुस्तकात असं काही आहे का जे फक्त याच मुलाला माहीत असू शकतं? पान उलटल्यावर काही बदलतं का? आणि शेवटचं पान मुलाचं आहे की आपलं? 'रात्रीची लाईट' तिन्हींत उतरतं. माझं फाटक्या पुस्तकाचं मनोगत एकातही नाही.

परत निघताना भाचीनं मला तिच्या पुस्तकाची झेरॉक्स दिली, मूळ प्रत स्वतःकडे ठेवली. मग गाडीत बसल्यावर काय वाटलं कुणास ठाऊक, धावत येऊन प्रती बदलल्या. मूळ मला, झेरॉक्स तिला. पेन्सिल दाबून लिहिल्यामुळे काळ्या पानाच्या घडीतून मागच्या बाजूच्या अक्षरांचे उठाव बोटाला लागतात. तीन-चार ओळी असाव्यात.

पुस्तक माझ्या टेबलावर आहे. मी ते बऱ्याच जणांना वाचायला दिलं. उलगडू मात्र कुणाला दिलं नाही, आणि मीही उलगडलेलं नाही.